आडगावच्या भिंतीतला जोड

भाऊजी,

तुम्ही गेलात तेव्हा मी तुमच्यावर रागावलेली होते. घरात सगळी रडत होती आणि माझ्या डोक्यात आपलं भांडण चालूच होतं. भेटायला येणारी माणसं तुमच्या फोटोला हात जोडायची, पाणी प्यायची आणि निघताना मला म्हणायची, "दीर-भावजयीनं एकत्र असं काम केलेलं आम्ही तरी कुठे पाहिलं नाही." मी मान हलवायचे. त्यांना काय सांगणार, की शेवटचे कितीतरी दिवस आपण एकाच घरात राहून एकमेकांशी धड बोलत नव्हतो? तुम्ही वरच्या मजल्यावरून खाली यायचात तेव्हा मी मुद्दाम स्वयंपाकघरात जायचे. तुम्हीही न थांबता गाडीला किक मारायचात.

तुमच्याशी बोलायचं राहिलं, म्हणून हे लिहायला बसले. तुम्ही असतात तर एवढं वाचूनच म्हणाला असतात, "वहिनी, मुद्द्यावर या."

मुद्दा एवढ्या लवकर येत नाही, भाऊजी. थोडं मागून सांगावं लागेल.

लग्नाआधी मी नाशकात सातपूरच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा कोर्स केला होता. वर्गात आम्ही मुली मोजक्याच. लग्न झालं, मुलं झाली, आणि ते सर्टिफिकेट साड्यांच्या खाली जाऊन पडलं. तुमच्या दादांची ओझरच्या कारखान्यातली नोकरी चांगली चालली होती, मला बाहेर पडायची गरज नाही असं सगळ्यांनीच धरलं होतं. मीही धरलं होतं. तुम्ही एक दिवस जेवता जेवता म्हणालात, "वहिनी, फिटिंगच्या कामाला माणूस मिळत नाही, आणि घरात शिकलेलं माणूस भाकरी थापतंय. उद्यापासून माझ्याबरोबर चला." सासूबाई म्हणाल्या, "बाईमाणूस काय शिडीवर चढणार का?" तुम्ही ताटातून मान वर न करता म्हणालात, "चढू द्या. खाली मी उभा असतो."

त्या एका वाक्याचे उपकार मी तुमच्यासमोर कधी मान्य केले नाहीत. आपल्यात तसं बोलायची पद्धत नव्हती. पण त्यानंतर माझे दिवस बदलले. इंदिरानगर, पाथर्डी फाटा, मखमलाबाद, पंचवटीतली बोळं, कुठे कुठे आपण वायरी ओढल्या. लोकांना आधी वाटायचं, मी तुमच्या मदतीला आलेय. मग मी बोर्ड उघडायचे आणि तुम्ही बाजूला उभं राहून म्हणायचात, "ताईंना विचारा, त्या आयटीआयच्या आहेत. मी आपला बघून बघून शिकलेला."

पहिल्याच कामावर आपला वाद सुरू झाला. गंगापूर रोडचा फ्लॅट होता. मी हॉलचा एक बोर्ड करत होते. वायरी सारख्या लांबीच्या कापल्या, वळणं एकसारखी घेतली, फेज, न्यूट्रल, अर्थिंग वेगवेगळे बांधले, प्रत्येक वायरीवर कुठली खोली ते लिहून चिकटवलं. तेवढ्यात तुम्ही दोन बेडरूम उरकून आलात आणि माझ्या मागे उभे राहिलात.

"लय भारी झालंय," तुम्ही म्हणालात. "आता याच्यावर प्लेट बसणार. आतलं कोण बघणार?"

"जो उघडेल तो."

"उघडणार कोण? आपणच."

"आपण नसलो तर?"

तुम्ही हसलात. "आपण नसलो तर आपल्याला काय करायचंय?"

हे तुम्ही गंमतीत बोललात. मीही हसले होते.

तुमचं म्हणणं साधं होतं. घरात दिवा नाही, पंखा नाही, पाण्याची मोटर चालत नाही, असं माणूस वायरमनची वाट बघत बसलेलं असतं. त्याला आधी उजेड द्यायचा. बाकी सगळं नंतर. तुम्ही वायरीचं कव्हर दातांनी सोलायचात. मी कितीदा सांगितलं, पक्कड आहे, सोलायचं हत्यार आहे, दात कशाला? तुम्ही म्हणायचात, "दात खिशातून काढावे लागत नाहीत." एक घर पुरं करून दुसऱ्या घरी पोचायची तुम्हाला घाई असायची, आणि दुसऱ्या घरची माणसंही तुमच्यावर खूश असायची. माझ्यावर लोक खूश व्हायचे, पण उशिरा. "ताईंचं काम बाकी छान आहे," असं म्हणताना त्यांच्या आवाजात थकवा असायचा.

तुम्ही चुकत होतात असं मला दर वेळी म्हणता आलं नाही. गोदावरीला पूर आला त्या दिवसाचं तर मुळीच नाही. पंचवटीत, भाजीबाजाराच्या मागच्या बोळात, आपण फिटिंग केलेलं एक घर होतं. तिथले काका ऑक्सिजनच्या मशीनवर होते. पाणी तळमजल्यात शिरलं, मीटरची पेटी भिजली आणि इमारतीची लाइट गेली. काकूंचा फोन आला तेव्हा मशीन बंद होतं आणि जोडीला ठेवलेला सिलिंडर संपत आला होता. आपण गुडघाभर पाण्यातून गेलो. समोरची इमारत चढावर असल्यामुळे तिथे लाइट होती. मी विचार करत होते की वायर कुठून न्यायची, मध्ये एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा खटका, कुठे बसवायचा, गॅलरीच्या लोखंडी गजाला ती घासणार नाही असं काय करायचं. मी पिशवीत बॉक्स शोधत होते. तुम्ही तोवर समोरच्या दुसऱ्या मजल्यावर पोचला होतात. वायरीचं वेटोळं तुम्ही बोळावरून या गॅलरीत फेकलं, परत धावत आलात, आणि मला काही कळायच्या आत मशीनचा आवाज सुरू झाला. काकू जमिनीवर बसल्या आणि त्यांनी तुमचे पाय धरले. तुम्ही लाजून मागे सरकलात.

पाणी ओसरल्यावर मी म्हणाले, ती वायर काढून नीट लाइन घेऊ. तुम्ही म्हणालात, "चालतेय ना? आठवडाभर राहू दे." मी तुम्हाला न सांगता जाऊन ती बदलून आले. जिथे ती गजावरून गेली होती तिथलं कव्हर घासून तांबं दिसायला लागलं होतं. ते मी तुम्हाला दाखवलं. तुम्ही बघितलं, आणि म्हणालात, "काका जिवंत आहेत ना?"

होते.

पण मखमलाबाद नाक्याजवळच्या त्या फ्लॅटचं तसं नव्हतं. तिथे कुणी अंधारात बसलं नव्हतं, कुणाचा जीव टांगणीला नव्हता. साधं ठरलेलं काम होतं, तुम्ही उरकलेलं. पुढे फ्रीजमागचं सॉकेट जळालं, भिंत वरपर्यंत काळी झाली. नशीब, घरात माणूस होतं आणि त्यानं मेन बंद केला. मी प्लेट काढली तर आतला स्क्रू सैल होता आणि वायरीच्या निम्म्या तारा सोलतानाच तुटलेल्या होत्या. त्या तुटलेल्या तारांवर मला तुमचे दात दिसले.

आपण जिन्यात उभे होतो. मी हळू आवाजात बोलत होते, तुम्हीही.

"एक स्क्रू आहे, वहिनी," तुम्ही म्हणालात. "एका स्क्रूसाठी एवढं?"

"पलीकडच्या खोलीत त्यांच्या लेकीचं बाळ झोपलं होतं."

"त्याला काही झालं नाही."

"नाही झालं म्हणून बोलतेय. झालं असतं तर मला तुमच्याशी बोलताच आलं नसतं."

तुमचा चेहरा उतरला. मग म्हणालात, "तुमच्या गतीनं कामं केली असती ना, तर अर्ध्या नाशकात अजून अंधार असता." आणि खाली उतरून गेलात.

इथून आपलं बोलणं थांबलं. आडगावच्या रो-हाउसचं काम तेव्हा अर्ध्यात होतं. भिंतींत झिरी मारून पाइप टाकेपर्यंत मी बरोबर होते. पुढचं, वायरी ओढायचं आणि बोर्ड बसवायचं, तुम्ही एकट्यानं केलंत. एका ओळीत सहा घरं. एकेक घर झालं की माणसं राहायला येत होती, आणि शेवटचं, टोकाचं घर रंगाला गेलं होतं. तिथून तुम्ही लासलगावला एका कांदा व्यापाऱ्याच्या नव्या घराचं काम घेतलंत. हे मला तुमच्या सवितानं सांगितलं. तुम्ही नाही.

आणि मग लासलगावहून तुमचा फोन आला. दुपारची वेळ होती. नाव दिसलं तेव्हा मी क्षणभर घेऊ की नको असा विचार केला. तुमच्या मागे ट्रॅक्टरचा घरघराट चालला होता, कुणीतरी हाका मारत होतं.

"वहिनी, ऐकू येतंय का? आडगावच्या कामात एक जॉइंट राहिलाय भिंतीत. मला बरं वाटत नाहीये त्याचं."

"कुठल्या घरात?"

"आल्यावर दाखवतो. आपण दोघं जाऊ. तुम्ही लगेच बोलायला लागू नका."

"पण कुठल्या घरात, भाऊजी?"

"काय? इथे काही ऐकू येत नाही. आल्यावर सांगतो."

फोन ठेवला गेला. संध्याकाळी पुन्हा तुमच्या नंबरवरून फोन आला, पण बोलत होते ते व्यापारी. तुम्ही चहा प्यायला पायरीवर बसलात आणि तिथेच कोसळलात, एवढंच ते सांगू शकले.

भिंतीतला जोड म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायला नको. पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला कळावं म्हणून लिहिते. वायर एका बोर्डापासून दुसऱ्या बोर्डापर्यंत सलग जायला पाहिजे. जोड द्यावाच लागला तर तो बॉक्समध्ये द्यायचा, झाकण उघडून पुन्हा बघता येईल असा. भिंतीत जोड देऊन वरून प्लास्टर केलं की तो कुणालाच दिसत नाही. ओल लागते, तो सैल होतो, तापतो. आणि एक दिवस मिक्सर लावला की भिंतीतून धूर येतो. तोवर घरातल्या माणसांना आपण कशाला टेकून बसतोय याचा पत्ताही नसतो.

तुमचे दिवस होईपर्यंत मी गप्प राहिले. लोक रडत असायचे आणि मी मनातल्या मनात आडगावच्या सहा घरांतल्या खोल्या फिरत असायचे. शेवटी सविताला आणि तुमच्या दादांना एकत्र बसवून सांगितलं. तुमचे दादा म्हणाले, "थोडे दिवस जाऊ दे." सविताच्या डोळ्यांत असा राग मी कधी पाहिला नव्हता.

"ताई, माणूस गेलाय," ती म्हणाली. "आता त्यांच्या नावानं लोकांच्या भिंती फोडत फिरणार तुम्ही?"

"नाव घ्यायची गरज नाही."

"काम कुणी केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तुमचं त्यांचं पटत नव्हतं तेही ठाऊक आहे. लोक म्हणतील, जिवंत होता तोवर भांडली, आता मेल्यावर पण सोडत नाही."

ती वर निघून गेली. मला तिचा राग आला नाही. तुमचं आता तिच्यासाठी उरलंय ते चांगलं नावच, आणि मी त्याला हात घालत होते. त्या दिवशी मला तुमचा पुन्हा राग आला. एक वाक्य, भाऊजी. कुठलं घर, कुठली खोली, कुठली भिंत. ट्रॅक्टरपासून चार पावलं लांब जाऊन एवढं बोलायला किती वेळ लागला असता? तिथेही तुम्ही घाईतच होतात.

टोकाच्या घराची वास्तुशांत जवळ आली तेव्हा मला राहवेना. ते घर कैलासभाऊंचं. पंचवटीत त्यांचा भाजीचा घाऊक धंदा आहे. त्यांच्या घरी मी एकटीच गेले. रंग झाला होता, दारावर तोरण बांधायला खिळे ठोकून ठेवले होते. मी त्यांना जे होतं ते सरळ सांगितलं: सहापैकी एका घरात भिंतीत जोड आहे, कुठल्या ते माहीत नाही, तुमचंही असू शकतं.

"ताई, परवा पूजा आहे," ते म्हणाले. "संतोषभाऊंनी केलंय, मला काय शंका नाय."

"मला आहे."

त्यांच्या मिसेस आत डबे लावत होत्या, त्या बाहेर आल्या. म्हणाल्या, "बघू द्या त्यांना. बघून काय होतंय?"

मी मेन बंद केला आणि एकेक लाइन सोडवत गेले. दोन्ही टोकं मोकळी करून एक टोक ओढलं की पाइपातली वायर वीतभर सरकते. मध्ये जोड असेल आणि त्याच्याभोवती सिमेंट बसलं असेल तर ती हलत नाही. हॉलच्या सरकल्या. बेडरूमच्या सरकल्या. छान सरकल्या, भाऊजी. मला मनात कुठेतरी बरं वाटत होतं. स्वयंपाकघरात ओट्यावरच्या पॉइंटची वायर मी ओढली आणि ती जागची हलली नाही. पुन्हा ओढली. नाही.

"इथे काही झालं होतं का?" मी विचारलं.

"हो," कैलासभाऊंच्या मिसेस म्हणाल्या. "वरची कपाटं बसवताना सुताराचं ड्रिल भिंतीत कुठेतरी लागलं आणि लाइट गेली. मी संतोषभाऊंना फोन केला. ते आले आणि मी चहा करेपर्यंत त्यांनी सुरूसुद्धा करून दिली."

चहा करेपर्यंत. मी छिन्नी हातात घेतली. कपाटाच्या खाली, टाइल्स संपतात तिथे, रंगाचा एक चौकोन हाताला किंचित वेगळा लागत होता. तिथून प्लास्टर काढलं आणि तुमचा जोड समोर आला.

तो मी वाकून बघितला. तीन वायरी, तिन्हींचे जोड मागेपुढे घेतलेले, एकमेकांना लागू नयेत म्हणून. पीळ घट्ट आणि सारखे. टेप एकावर एक नीट चढवलेली. वरून पाइपाचा तुकडा चिरून बसवलेला. मला वाटलं होतं की काहीतरी ओबडधोबड निघेल, दातांनी तोडलेलं, आणि मला तुमच्यावर मनापासून चिडता येईल. तसं काही नव्हतं. इतकं स्वच्छ काम मी तुमच्या हातचं फार थोड्या वेळा पाहिलं होतं. पण प्लास्टरच्या ओलीनं टेपची कड सुटली होती आणि फेजचं तांबं काळपट पडायला लागलं होतं. उघडलं नसतं तर ते तापत गेलंच असतं.

कैलासभाऊंच्या मिसेस माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "ताई, त्यांनी मला विचारलं होतं. इथे बॉक्स लावावा लागेल, झाकण दिसेल, चालेल का? मीच नको म्हणाले. नवी भिंत, मध्येच डबा चांगला दिसणार नाही, म्हटलं. ते म्हणाले, वहिनी, असं करू नये. मी म्हटलं, भाऊ, तेवढं बघा. मग त्यांनी केलं."

मी ओट्याला टेकून बसले. तुम्ही गेल्यापासून मला धड रडू आलं नव्हतं, ते तिथे आलं, परक्या बाईच्या स्वयंपाकघरात, अंगभर प्लास्टरची धूळ. त्यांनी पाणी आणून दिलं. कैलासभाऊ दारातच उभे राहिले.

तेव्हापासून मी याचा विचार करतेय आणि मला त्याचा शेवट सापडत नाही. तुम्ही घाई केली म्हणून तो जोड भिंतीत गेला, की भिंत नीटनेटकी दिसावी म्हणून? नीटपणाची बाजू मी आयुष्यभर घेतली. वायरी एका रेषेत असाव्यात, बोर्ड सरळ असावा, डोळ्याला खुपू नये. तो काळा पडलेला जोड कुणाला तरी डोळ्याला खुपू नये म्हणूनच आत गाडला गेला. आणि तरी तुम्ही नको म्हणू शकला असतात. मी असते तर नको म्हटलं असतं, आणि त्या बाई माझ्यावर नाराज झाल्या असत्या, आणि त्यांची भिंत ठीक राहिली असती. तुम्हाला माणसाला नाराज करता यायचं नाही. तुमच्या गतीमागे तेच असायचं का? समोरचं माणूस थांबलंय हे तुम्हाला सहन व्हायचं नाही. हे मी तुम्हाला तोंडावर विचारलं असतं तर तुम्ही विषय बदलला असता.

मी नवी वायर ओढली, बॉक्स बसवला, झाकण लावलं. ते दिसतं. पूजा ठरल्या दिवशी झाली.

घरी येऊन सविताला सांगितलं. ती मेथी निवडत होती.

"सापडला," मी म्हणाले. "जोड चांगला होता. जागा चुकीची होती."

"चांगला म्हणजे?"

मी तिला सगळं सांगितलं, बॉक्सचं विचारलं होतं तेही. ती देठ मोडत राहिली. मग तिनं विचारलं, "तेवढा एकच होता का?"

"ते एकच म्हणाले होते."

"म्हणजे तुम्हाला नक्की माहीत नाही."

"नाही."

दुसऱ्या दिवशी मी हत्यारांची पिशवी घेऊन निघाले, तर ती साडी नेसून तयार होऊन जिना उतरत होती. "मी येते," ती म्हणाली. "लोकांशी मी बोलीन. तुम्ही सांगितलंत तर तक्रार वाटते."

आम्ही उरलेल्या घरांमध्ये गेलो. प्रत्येक दारात ती तेच बोलली, शांतपणे, पदर हातात घट्ट धरून. "मी तुमच्या संतोषभाऊंची बायको. यांनी तुमच्या घराचं काम केलंय. काही राहून गेलं असेल तर एकदा बघून घ्यायचंय." माणसं आत घ्यायची, हळहळायची. एका घरी गीझरच्या पॉइंटला अर्थिंगची वायर जोडायचीच राहिली होती. मी ती जोडली. सविता शेजारी उभी होती. "हे काय असतं?" तिनं विचारलं. मी खरं ते सांगितलं, की ही वायर नसली तर गीझर बिघडल्यावर अंघोळ करणाऱ्याला शॉक बसतो. त्या घरातली दोन लहान मुलं आमच्याभोवती फिरत होती. त्यांच्याकडे मला बघवत नव्हतं.

शेवटच्या घराचं दार उघडलं, पण लोखंडी जाळीचं दार बंदच राहिलं. आत एक रिटायर झालेले गृहस्थ उभे होते. त्यांनी आमचं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"काही बघायचं नाही," ते म्हणाले. "सगळं उत्तम चाललंय. संतोषभाऊंसारखा माणूस नव्हता. रविवारी बोलावलं तरी यायचे. त्यांनी केलेलं उघडून बघायचं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणं आहे. मी ते करणार नाही."

ज्या नावासाठी सविता माझ्याशी भांडली होती, तेच नाव त्या जाळीच्या आत उभं राहून आम्हाला येऊ देत नव्हतं. मी परत फिरायच्या बेतात होते. सविता हलली नाही.

"काका," ती म्हणाली, "त्यांनीच सांगितलंय बघायला. शेवटचं तेवढंच बोलले ते."

मग त्यांनी कडी काढली.

त्या घरात काही निघालं नाही. सगळ्या वायरी सरकल्या, अर्थिंग सगळीकडे होतं. मी तसं सांगितलं, तशी सविता बाहेर जाऊन गेटपाशी पाठमोरी उभी राहिली. काका तिच्यासाठी खुर्ची घेऊन गेले. मी आत एकटीच बोर्ड परत लावत बसले. एकेक वायर जागेवर घेतली, एकेक स्क्रू आवळला, ओढून बघितला, पुन्हा आवळला. मला घाई करायला लावणारं कुणी नव्हतं.